परसातल्या तारेवर शिंजिराचं घरटं, आणि पाडव्याआधी रंगारी येतोय. काय करू?

शिवणखिडकी (वाई)
१० फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार. या फोरमवर पहिल्यांदाच लिहितेय. लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हाला उत्तर देता येणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

मी घरी शिवणकाम करते. एकवीस वर्षं माझं मशीन मागच्या खोलीत खिडकीपाशी आहे, तिथे डावीकडून उजेड येतो. खिडकीबाहेर परस. एक शेवगा, पेरू, डाळिंब, दोन जास्वंदी, कढीपत्ता, धुण्याचा दगड, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा जुना पांगारा. नदी दोन गल्ल्या सोडून. संक्रांतीपासून पुढे लग्नसराईचे ब्लाऊज येतात, त्यामुळे या दिवसांत मी आठ-नऊ तास त्या खिडकीत असते. मान वर केली की परस. जे दिसेल ते कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने लिहून ठेवते, पूर्वी सासूबाई दुधाचा हिशेब लिहायच्या तिथेच. 'तांबट सुरू.' 'दयाळ पहाटे बोलला.' 'शेवगा फुलला.' दुर्बीण नाही, पुस्तक नाही. नावं सासूबाईंनी सांगितली तेवढीच येतात.

हे दिवस मला फार आवडतात. पहाटे अजून शाल लागते, दुपारी पंखा लावावासा वाटतो. पांगाऱ्यावर पान एक नाही आणि फुलं मात्र लालभडक. हिवाळाभर गप्प असलेले पक्षी एकेक करून तोंड उघडतात. दयाळ थंडीत नुसता 'स्वीऽऽ' करायचा, तो आठ दिवसांपासून पत्र्याच्या टोकावर बसून चांगलं गाणं म्हणतोय. कोकीळ ६ तारखेला पहिल्यांदा ऐकला, तोही घसा बसल्यासारखा, अर्धाच.

आता प्रश्न.

जानेवारीच्या शेवटी एक शिंजीर दिसू लागला (फुलातला रस पिणारा तो चिमुकला पक्षी, आम्ही चुखी म्हणतो), शेवग्याच्या फुलांवर. पण अंगावर डागच डाग. पोट पिवळट, गळ्यापासून खाली काळी रेघ, पाठीवर कुठे निळा चट्टा, कुठे राखाडी. मला वाटलं आजारी आहे, पिसं झडतायत. पण चपळाई बघाल तर आजाऱ्याची नाही. रोज सकाळी माझ्या स्कूटरच्या आरशावर येतो आणि चोच आपटतो. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं, अकरा मिनिटं आपटत होता. आरशावर चोचीच्या बारीक रेघा उमटल्यात. याला काय झालंय?

दुसरा एक पक्षी आहे, चिमणीपेक्षा लहान, मातकट. डोळे मोठे आणि काळेभोर. पेरूच्या खालच्या फांदीवर बसतो, पंख खाली सोडतो आणि शेपटी वर उडवतो. तेव्हा शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसतं. आवाज गाण्यातला नाही. मशीनवर बॉबिन भरताना चाक रिकामं फिरलं की जशी बारीक टर्रर्र होते, हुबेहूब तशी. संध्याकाळी साडेपाचला तो आला की मी कात्री ठेवते, इतकी वेळ पक्की. दिवाळीनंतर आला, गेल्या वर्षीही होता. उन्हाळ्यात दिसत नाही.

तिसरं, पांगाऱ्यावर सकाळी साळुंक्यांसारख्या पक्ष्यांची झुंड उतरते. डोकं काळं, अंग फिकट गुलाबी. इतका कलकलाट की फोनवरचं ऐकू येत नाही. तासाभरात सगळी एकदम उठतात आणि जातात. कुठे जातात?

आणि आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या पडवीत दिव्याची एक जुनी तार लोंबते. गेल्या गुरुवारपासून शिंजिराची मादी त्या तारेवर घरटं बांधतेय. आधी कोळ्याची जाळी आणून तारेला गुंडाळली, मग वाळलेल्या सालीचे कपचे, गवताच्या काड्या. आज दुधीएवढा लांबट आकार झालाय. मी उंबऱ्यात उभी राहिले तर डोक्याच्या वर हातभर. नर काही बांधत नाही, तो नुसता तिच्या मागे-मागे येऊन कपड्यांच्या दोरीवर ओरडतो. ती खिडकीच्या कठड्यावरून माझ्या दोऱ्याचे तुकडे उचलून नेते. मीच ठेवते आता, रंगीबेरंगी.

पण पाडव्याला मुलाच्या सासरची मंडळी पहिल्यांदा घरी येणार आहेत. रंगारी ठरलाय, ३ मार्चपासून. मागच्या पडवीच्या भिंतीचे पोपडे निघालेत, ती घासायची आहे. रंगारी म्हणतो, "ताई, मी ते अलगद सोडवून पेरूला बांधतो, काही होत नाही." मुलगाही म्हणतो, अजून अंडी नाहीत तोवर काढून टाक, ती दुसरीकडे बांधेल. पाच दिवस मी तिच्या फेऱ्या बघतेय. दर तीन-चार मिनिटांनी एक. मला हात लावायचा नाही. पण पाहुण्यांपुढे पोपड्याची भिंतही नको. घरटं हलवता येतं का? आणि किती दिवस थांबावं लागेल, हे कुणी सांगू शकेल का?

---

दुर्बीण_कोथरूड
१० फेब्रुवारी, रात्री ११.१५

ताई, इतकं बारीक लिहिणारं माणूस इथे फार दिवसांनी भेटलं. बॉबिनच्या उपमेवरून तुमचा दुसरा पक्षी मी लगेच ओळखला, त्याच्यापासून सुरुवात करतो.

तो लाल छातीचा माशीमार. 'लाल' वाचून गोंधळू नका. गळ्यावरचा नारिंगी रंग मोठ्या नरालाच असतो. मादी आणि पहिल्या हिवाळ्यातला नर दोन्ही मातकटच. शेपटीच्या मुळाशी पांढरं आणि ती टर्रर्र, एवढ्यावर शंका उरत नाही. त्याचा एक जवळचा भाऊबंद आहे, तायगा माशीमार, तो जास्त करून पूर्व भारतात. ताडून पाहायचं असेल तर चोच बघा. आपल्याकडच्याची खालची चोच मुळाशी फिकट असते, तायगाची सगळी काळी. तुमचा पाहुणा उन्हाळ्यात पूर्व युरोप ते रशियाच्या पट्ट्यातल्या जंगलात घरटं करतो आणि हिवाळा आपल्याकडे काढतो. दहा-अकरा ग्रॅमचा जीव! तुमच्या पेरूच्या फांदीवर सलग दोन हिवाळे आलाय, तर बहुधा तोच असेल. हे पक्षी हिवाळ्यातली जागाही राखून ठेवतात, दुसऱ्याला येऊ देत नाहीत. एप्रिलमध्ये जाईल. शेवटचा दिवस नक्की लिहून ठेवा. आला कधी हे सगळे लिहितात, गेला कधी हे कुणी लिहीत नाही.

आता डागवाला. तो आजारी नाही, कपडे बदलतोय. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम संपला की चमकदार रंग टाकतो आणि मादीसारखा पिवळट होतो. फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत काळी रेघ राहते. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा काळी-जांभळी पिसं येऊ लागतात. मधले काही आठवडे तो असा ठिगळं लावल्यासारखा दिसतो. तुम्ही तो नेमका त्या आठवड्यांत पाहिलात. मार्चमध्ये उन्हात बघा, तोच पक्षी काळा वाटेल आणि मान वळवली की निळा-जांभळा झळकेल. मादीपुढे पंख फुलवतो तेव्हा काखेतून पिवळे-नारिंगी झुपके बाहेर येतात, तेही बघा. आपल्याकडे दुसरा एक जांभळ्या पुठ्ठ्याचा (पुठ्ठा म्हणजे शेपटीच्या वरचा पाठीचा भाग) शिंजीर असतो, त्याचा नर वर्षभर एकाच रंगात राहतो. म्हणजे तुमचा जांभळाच.

आरशातला पक्षी त्याला दुसरा नर वाटतो. त्या नराला हाकलल्याशिवाय हा जागा सोडणार नाही, आणि आरशातला काही जात नाही. आरसा झाका, दोन दिवसांत शांत होईल.

एक विनंती. येत्या शुक्रवारपासून सोमवारपर्यंत, १४ ते १७, परसबागेतल्या पक्ष्यांची जागतिक गणना आहे. १९९८ साली अमेरिकेत सुरू झाली, भारतातले लोक २०१३ पासून भाग घेतात. कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसेल ते आणि जितके दिसतील तितके मोजायचे, आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर भरायचे. तुम्ही तर खिडकी न सोडता करू शकाल.

घरट्याबद्दल माझ्यापेक्षा इथले अमरावतीचे मास्तर चांगलं सांगतील. माझ्या मते हलवू नये, एवढंच.

---

रानवाट_चिपळूण
११ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

काकू, अजिबात हात लावू नका घरट्याला. माणसाचा वास लागला की पक्षी घरटं टाकून देतो. आमच्या आजीने लहानपणीच सांगून ठेवलंय. आमच्याकडे माडाच्या झावळीवर बुलबुलाचं घरटं होतं, माझ्या भावाने पिल्लू उचलून परत ठेवलं, दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं. तेव्हापासून आम्ही कुणी लांबूनही बोट दाखवत नाही.

---

शाळू_मंगळवेढा
११ फेब्रुवारी, दुपारी १.३०

ताई, तुमच्या पांगाऱ्यावरच्या त्या भोरड्या. पुस्तकात गुलाबी मैना म्हणतात, काही भागांत पळसमैना. कुठं जातात म्हणून विचारलंत, तर सकाळी आमच्यासारख्यांच्या रानात येतात.

माझा आठ एकर शाळू आहे, म्हणजे रब्बी ज्वारी, मालदांडी वाणाची. कणसात दाणा दुधात आला की भोरडी आलीच. थवा उतरतो तेव्हा रानावर सावली पडते, खोटं नाही सांगत. घरातलं एक माणूस दिवसभर राखणीला. माळ्यावर उभं राहून गोफण, डबा वाजवणं, आता चमकणाऱ्या फिती ओढतो आम्ही कणसांवरून. वारा सुटला की त्या गुणगुणतात आणि थवा बिचकतो. दोन-तीन दिवस चालतं, मग त्यांनाही कळतं. सकाळी सूर्य उगवल्यापासून दोन तास आणि दुपारी चारनंतर, हे दोन वेळ सांभाळले तर पीक वाचतं. मधल्या उन्हात त्या बाभळीत बसून असतात.

मी लहान होतो तेव्हा मला त्यांचा राग यायचा. वडील मात्र गोफण मारताना दगड थव्याच्या पुढं टाकायचे, थव्यात कधी नाही. म्हणायचे, ही पलीकडच्या रानात आपलीच चाकरी करतात. ते मला हरभरा लावायला लागल्यावर समजलं. हरभऱ्यात घाटेअळी पडते. आम्ही पेरतानाच हरभऱ्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळतो. त्या उंच ताटांवर भोरड्या, साळुंक्या, कोतवाल येऊन बसतात आणि खाली उतरून अळ्या वेचतात. कृषी खात्याची माणसं याला पक्षी थांबे म्हणतात. ताटं नसतील तर काठ्यांचे रोवायचे. मी एकरी आठ-दहा रोवतो. त्या वर्षी एक फवारणी वाचते माझी. दाण्यावर येणारी आणि अळीवर येणारी भोरडी एकच आहे, रान तेवढं वेगळं.

पाखरं कझाकस्तान, चीनचा पश्चिम भाग, तिकडून येतात. तिकडं ती टोळ खातात. चीनच्या शिनजियांगमध्ये तर टोळ आवरायला त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्याची सोय करतात. पावसाळा सरता सरता आमच्याकडं दिसायला लागतात, आणि एप्रिलपर्यंत सगळी गेलेली असतात. शाळू काढला की त्यांना इकडं काम राहत नाही, मग पांगारा, पळस, काटेसावर. तुमच्याकडं फुलातला रस प्यायला येतात. कपाळ नीट बघा, पिवळं झालेलं असतं परागानं.

घरटं राहू द्या. भिंतीला पुढच्या वर्षी पण रंग देता येतो.

---

मास्तर_अमरावती
११ फेब्रुवारी, रात्री ८.५०

बावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि शाळेच्या व्हरांड्यात शिंजिराची घरटी दर दोन-चार वर्षांनी होत. त्यामुळे ताईंचा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

आधी वासाचं. चिपळूणच्या मित्रांनी लिहिलेली समजूत मी विदर्भातही ऐकलीय. वागायला ती चांगली आहे, म्हणून मी मुलांना ती कधी खोडून काढत नसे. पण कारण वेगळं आहे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. घरटं रिकामं होतं ते बहुधा दोन गोष्टींनी. आपण वारंवार जवळ जातो तेव्हा कावळा, मांजर आणि भारद्वाज आपल्यावर नजर ठेवून असतात, आपण त्यांना वाट दाखवतो. आणि बांधकाम चालू असताना किंवा अंडी नुकतीच घातलेली असताना फार त्रास झाला तर मादी जागा सोडते, कारण त्या वेळी तिचं गुंतलेलं थोडं असतं. पिल्लं मोठी झाली की ती सहसा सोडत नाही. म्हणजे सगळ्यात नाजूक दिवस तुमच्याकडे आत्ता चालू आहेत. आठ दिवस पडवीत कामापुरतंच जा, घरट्याखाली थांबू नका.

घरटं हलवून पेरूला बांधलं तर ती तिथे जाणार नाही. आपल्याला ते तेच घरटं वाटतं, तिच्यासाठी घरटं म्हणजे ती जागा. शिवाय पेरूवर कावळ्याला ते दिसेल. तिने माणसांच्या वर्दळीतली पडवी निवडली ती त्यासाठीच. कायद्याचंही सांगून ठेवतो, रंगाऱ्याला सांगायला उपयोगी पडेल. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं.

दिवसांचा हिशेब असा. बांधकामाला एकूण आठ-दहा दिवस. मग दोन-तीन दिवस शांतता, तुम्हाला वाटेल सोडून गेली. गेलेली नसते. मग रोज एक याप्रमाणे दोन किंवा तीन अंडी. मादी एकटीच उबवते, साधारण चौदा-पंधरा दिवस. पिल्लं निघाल्यावर नरही कामाला लागतो, आणि आणखी सुमारे पंधरा दिवसांनी ती उडतात. आज ११ तारीख. माझ्या अंदाजाने २२ ते २५ मार्चच्या दरम्यान तुमची पडवी मोकळी होईल. पाडवा ३० ला आहे. रंगाऱ्याला पुढून सुरू करायला सांगा, मागची पडवी शेवटचे दोन दिवस. भिंत घासण्याचा धुरळा आणि रंगाचा वास घरट्याजवळ नको.

दोऱ्यांबद्दल थोडं कडक बोलतो, राग मानू नका. हल्लीचा शिवणाचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा. तो तुटत नाही, कुजत नाही, पिल्लाच्या पायात अडकला की वाढत्या पायाला कापतो. मी असं लटकून मेलेलं पिल्लू पाहिलंय. कठड्यावरचे सगळे दोरे आजच काढा. द्यायचंच तर शेवरीचा कापूस द्या, नाही तर काहीच नको. कोळ्याची जाळी मात्र झाडू नका. तिचा खरा दोरा तोच आहे, ताणला तरी तुटत नाही आणि पिल्लं वाढली की घरटं त्याच्याबरोबर सैलावतं.

पाणी ठेवत असाल तर पसरट भांडं, दोन बोटं खोल, मध्ये एक दगड, रोज ओतून काथ्याने घासायचं. घरट्याच्या जवळ ठेवू नका, पाण्यावर कावळा येतो.

---

शिवणखिडकी (वाई)
१८ फेब्रुवारी, रात्री १०.१०

सगळ्यांचे आभार मानायला आठ दिवस लागले, ब्लाऊज संपत नव्हते.

मास्तर, दोऱ्याचं वाचलं आणि त्याच रात्री बॅटरी घेऊन कठडा झाडला. राग कसला, मला ठाऊकच नव्हतं. तिने जे नेले होते त्यातला एक लाल दोरा वीतभर बाहेर लोंबत होता. दुसऱ्या दिवशी ती पांगाऱ्यावर गेली तेव्हा लांब कात्रीने बाहेरचा तेवढा कापून घेतला. आत किती आहेत देव जाणे, त्याची काळजी मनातून जात नाही. आता जुन्या उशीतली शेवरी ठेवलीय, ती नेते.

स्कूटरच्या दोन्ही आरशांना अस्तराच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, इलॅस्टिक घालून. तो दोन दिवस पिशवीवर बसून वाकून बघत होता. मग सोडलं.

गणना केली. शुक्रवार ते सोमवार, रोज सकाळी पाऊण तास, मशीन बंद ठेवून. चार दिवसांत तेवीस जाती! पुतणीने मोबाईलवर भरून दिलं. एकवीस वर्षांत मी काय बघितलं नव्हतं, ते मोजायला बसल्यावर दिसलं. बुलबुल दोन प्रकारचे आहेत, मी एकच समजत होते. आणि भिंतीवर शेपटी थरथरवत बसतो त्याला आम्ही थिरथिरा म्हणतो, तो एक नाही, नर आणि मादी वेगवेगळ्या भिंती धरून आहेत. एकमेकांना येऊ देत नाहीत. पहाटे पाचला पिंगळाही मोजला, जोडी आहे, समोरच्या पडक्या वाड्याच्या ढोलीत. आमच्या आळीत त्याच्या आवाजाला अजून दगड मारतात. मी त्या घरी जाऊन सांगितलं की तो रात्रभर उंदीर आणि किडे खातो. ऐकतील असं वाटतं. त्यांच्या नातवाला मी खिडकीत बसवून पिंगळा दाखवला, तेव्हापासून तोच राखण करतोय.

भोरड्यांच्या कपाळावर पिवळं आहे, दादा! नीट बघितलं. तुमच्या वडिलांचं वाचून माझे डोळे भरून आले, खरं सांगते.

घरटं काल पूर्ण झालं. दाराला वर छोटासा छज्जा केलाय. आज दिवसभर ती आली नाही. मास्तरांनी सांगून ठेवलं नसतं तर मी आज जेवले नसते. रंगाऱ्याशी बोलले. तो आधी हसला. मग मी त्याला खिडकीत बसवून चहा दिला आणि गप्प बघ म्हटलं. नर दोरीवर बसून ओरडत होता. बराच वेळ बघून रंगारी म्हणाला, पुढून सुरू करतो. पडवीच्या दिव्याचं बटण चिकटपट्टीने बंद केलंय, कुणाचा चुकून हात जाऊ नये म्हणून.

---

रानवाट_चिपळूण
१९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

मास्तर, आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कारण चुकलं असेल पण हात लावू नको हे बरोबरच ना. काकू, पुढे काय झालं ते नक्की लिहा, इथे घरातले सगळे रोज विचारतात.

---

शिवणखिडकी (वाई)
२८ मार्च, रात्री ९.२०

चिपळूणच्या आजींसाठी आधी हे: दोन पिल्लं उडाली.

कालनिर्णयवरून उतरवते. २१ फेब्रुवारी, मादी आत बसून राहिली, दारातून फक्त चोच दिसते. ८ मार्च, ती चोचीत छोटा कोळी घेऊन आत गेली आणि रिकामी बाहेर आली. मी त्या चौकटीत नुसतं 'आली' लिहिलंय. त्या दिवसापासून नर बदलला. इतके दिवस नुसता ओरडणारा तो, आता तासाला चार-पाच फेऱ्या. किडे, कोळी, बारीक अळ्या. आणि कोथरूडच्या दादांनी सांगितलं तसा तो पूर्ण काळा झालाय. सकाळच्या उन्हात मान वळवली की काजळात निळं मिसळल्यासारखं दिसतं. काखेतले पिवळे झुपकेही दिसले, होळीच्या आदल्या दिवशी.

१४ मार्चला भारद्वाज कपड्यांच्या दगडापर्यंत आला. मला भारद्वाज दिसणं चांगलं वाटायचं आजवर, शकून म्हणतात. त्या दिवशी मी धुण्याची काठी घेऊन बाहेर धावले. पुन्हा तीन वेळा आला, पडवीच्या आत शिरला नाही.

२२ तारखेला सकाळी सात वीसला पहिलं बाहेर आलं. तारेवरच बसलं, शेपटी जवळजवळ नाही, चोच मात्र आईएवढी. मादी डाळिंबावरून बोलावत होती. ते तिकडे न जाता माझ्या खिडकीच्या कठड्यावर येऊन बसलं, माझ्यापासून हातभर. मी मशीनवरचा पाय उचलला नाही, श्वासही हळू घेतला. मग उडालं. दुसरं साडेदहाला. संध्याकाळी दोन्ही शेवग्यावर शेजारी-शेजारी बसली होती, एकमेकांना टेकून. दोऱ्यात कुणाचा पाय अडकला नाही. ते बघेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

रंगारी २५ला मागे आला. घरटं काढायचं का म्हणून त्यानेच विचारलं. मास्तरांना फोरमवर विचारायला वेळ नव्हता, मी नको म्हटलं. त्याने तारेभोवती तळव्याएवढी जागा सोडून बाकी भिंत रंगवली. मुलगा काल आला, त्याने ते बघितलं आणि काही बोलला नाही. आज सकाळी बघते तर तो पडवीत स्टुलावर बसून वर बघत होता.

कारण मादी परत आलीय. जुन्या घरट्याचा छज्जा ओढून सारखा करतेय आणि कठड्यावरची शेवरी नेतेय. मास्तर, त्याच घरट्यात दुसऱ्यांदा अंडी घालतात का? पाहुणे परवा येतील, जेवायला पंधरा माणसं आहेत. पानं पुढच्या खोलीतच मांडीन.

थिरथिरा १९ मार्चनंतर दिसला नाही. पांगाऱ्याची फुलं गळाली, भोरड्यांची झुंड आता लहान आहे, शंभरएक असतील. पेरूवरचा माशीमार अजून आहे. आज पाच पस्तीसला आला, टर्रर्र केलं, एक माशी हवेत पकडली. एप्रिलच्या पानावर मी त्याच्यासाठी रोज एक बारीक टिंब देणार आहे.